यजमानाची चूल

“मग विषाणूजवळ स्वतःचं असं काहीच नाही?” महाराजांनी विचारलं.

“कृती आहे,” राजमती म्हणाली. “आपल्यासारखाच दुसरा कसा करायचा, त्याची कृती. तेवढीच. पुडीत बांधून घेतल्यासारखी.”

“आणि जिन्नस?”

“जिन्नस नाहीत, भांडी नाहीत, चूल नाही. हातसुद्धा नाहीत. सगळं पेशीचं.”

“म्हणजे कृती घेऊन दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जायचं.”

“हो. आणि घरच्याच माणसांकडून करून घ्यायचं.”

महाराज हसले. हसताना त्यांचे कोरडे ओठ ताणले गेले, कोपऱ्यात भेग दिसली, आणि आपण इथे कशासाठी आलो होतो ते राजमतीला आठवलं.

ती भांडायला आली होती.

मितसागर महाराज त्या वर्षी चातुर्मासासाठी मळेवाडीच्या बस्तीत उतरले होते. बस्ती म्हणजे कृष्णाकाठच्या त्या गावातलं जैन मंदिर. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात. सकाळी, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत, आणि जो दारात उभा राहून बोलावतो त्याच्या घरी. पाणीही तेव्हाच. बस्तीतून निघताना ते मनाशी एखादी अट धरतात. दारात नवराबायको जोडीनं उभे असावेत, कुणाच्या हातात पिवळं फूल असावं, असं काहीतरी. तिला विधी म्हणतात. विधी कुणाला सांगायचा नसतो. जुळला तर मुनी त्या दारात थांबतात. नाही जुळला तर उपाशी परत फिरतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

एका सकाळी महाराजांचा विधी जुळला नाही. असं होतं अधूनमधून. गावाला ते नवीन नव्हतं.

नवीन घडलं ते त्या संध्याकाळी. बस्तीच्या गल्लीतल्या बायकांनी देवासमोर हात जोडून नेम घेतला. महाराजांच्या मुखी घास पडेपर्यंत आपणही अन्नाला शिवायचं नाही. बायकांमागोमाग पुरुषांनीही घेतला. पुढाकार सुलोचनाबाई बिरनाळ्यांचा, म्हणजे राजमतीच्या आईचा.

दुसऱ्या सकाळी महाराज पुन्हा रिकामेच परतले. तिसऱ्याही.

सुलोचनाबाईंना मधुमेह होता. परसात पाणी तापवताना त्या चुलीशी बसल्या त्या उठेनात. शेजारच्या आदगोंडा अण्णांनी पुण्याला फोन लावला. राजमती पुण्यात विषाणूंच्या प्रयोगशाळेत संशोधक. हातातलं काम टाकून ती आली. आईची साखर पाहिली, गोळ्या थांबवल्या, जेव म्हणून विनवलं, रागावली. आई ढिम्म हलेना. तेव्हा ती तडक बस्तीत आली, अण्णा मागोमाग.

महाराज ओवरीत लाकडी फळीवर बसले होते. शेजारी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. अंगावर वस्त्र नाही, त्यामुळे बरगड्या मोजता येत होत्या. राजमतीनं नमस्कार केला आणि तोंड उघडलं, तोवर त्यांनीच विचारलं, “काय काम करतेस, बाई?”

आणि कामाबद्दल कुणी विचारलं की राजमतीला थांबता येत नसे.

“मग तू काय शोधून काढलंस?” महाराज आता विचारत होते.

“पेशीत हजारो प्रथिनं असतात, महाराज. प्रत्येकाचं काम वेगळं. कुणी सामान वाहतं, कुणी मोडलेलं दुरुस्त करतं, कुणी केरकचरा काढतं. विषाणू आत शिरल्यावर त्यातल्या नेमक्या कुणाला धरतो, ते कळत नव्हतं. मी एकेक काढून पाहिलं.”

“काढून?”

“एका पेशीतून एक प्रथिन काढलं, दुसरीतून दुसरं. अशा हजारो पेशी केल्या. मग त्यांच्यावर विषाणू सोडला. जवळजवळ सगळ्या मेल्या. थोड्या उरल्या.”

“त्या का उरल्या?”

“त्यांच्यात जे नव्हतं, तेच त्याला हवं होतं.”

महाराजांनी डोळे बारीक केले. “म्हणजे विधी जुळला नाही.”

आदगोंडा अण्णा खुदकन हसले आणि लगेच गंभीर झाले.

“तो आत गेला होता?”

“गेला होता. आत जाऊन नुसता बसून राहिला. एकही दुसरा तयार झाला नाही.”

“आणि ते प्रथिन... ते काय त्याच्याचसाठी घडवलेलं?”

“छे. पेशीच्या रोजच्या कामातलं. नव्यानं तयार झालेल्या प्रथिनांना नीट घडी घालून देतं. विषाणू जगात नसता तरी ते तिथे असतंच. पेशी ते स्वतःसाठी करते. हा येऊन त्यातलं घेतो.”

“स्वतःसाठी करते...” महाराज पुटपुटले.

“आता त्यावरच औषध शोधायचं. विषाणूला मारत बसायचं नाही. त्याला जे लागतं तेच काही दिवस झाकून ठेवायचं, पेशीला इजा न होता.”

“हे सगळं तू एकटीनं केलंस?”

“एकटीनं,” राजमती म्हणाली. आवाजात अभिमान होता आणि तिनं तो लपवला नाही. “अकरा वर्षं. सकाळी आठला जायचं, यायची वेळ नाही. कुणाचा आधार घेतला नाही, कुणाकडे हात पसरला नाही.”

“घर?”

“घर म्हणजे... यांची फिरतीची नोकरी. मुलगी आठवीपर्यंत इथेच होती, आईजवळ.”

“हं,” महाराज म्हणाले.

नदीच्या बाजूनं वारा आला आणि पिंछीतली पिसं हलली.

“म्हणून म्हणते, महाराज,” शांतता सहन न होऊन राजमती म्हणाली, “जिवांच्या जगात याच्याइतका फुकट्या कुणी नाही. स्वतःचं काही नाही. दुसऱ्याच्या दारात जायचं आणि त्याच्या चुलीवर जगायचं.”

“म्हणजे माझ्यासारखा.”

अण्णांनी कानांवर हात ठेवले. “शिव शिव. ताई, काय बोलायला लावलंस बघ.”

“मी तसं म्हटलं नाही, महाराज...”

“मी म्हटलं,” महाराज शांतपणे म्हणाले. त्यांनी दोन्ही तळहात जुळवून ओंजळ केली आणि तिच्यापुढे धरली. “हे माझं ताट. दुसरं भांडं नाही. चूल नाही. यजमानाच्या घरात जे असेल त्यावर हा देह चालतो. तू सांगितलंस त्यात चुकलं काय?”

राजमतीनं त्या ओंजळीकडे पाहिलं.

“तुम्ही दारात थांबता,” ती म्हणाली. “बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. तो विचारत नाही.”

“तेवढा फरक आहे खरा.” त्यांनी ओंजळ मोडली. “तो फरक सांभाळायलाच जन्म जातो.”

राजमतीनं श्वास घेतला. आता बोलायलाच हवं होतं.

“महाराज, आई परवापासून उपाशी आहे. तिची साखर खाली गेली आहे. ती हट्टाला पेटली तर ऐकत नाही. तुमचा विधी काय आहे तो मला सांगा. मी कुणाला सांगणार नाही. उद्या सकाळी दारात तसं मांडते, तुम्ही या, दोन घास घ्या, ती जेवेल.”

“सांगितला तर तो विधी राहत नाही.”

“मग बदला.”

महाराजांनी नकारार्थी मान हलवली.

“निदान त्या बायकांना सांगा की जेवा म्हणून. तुमचं एक वाक्य पुरे. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल.”

महाराजांचे ओठ हलले. मग त्यांनी मान खाली घातली.

अण्णा तिच्या कानाशी झुकले. “ताई, मुनींनी घरात शिजवा असं म्हणायचं नसतंय.”

“स्वतःसाठी कुठे म्हणताहेत? दुसऱ्यांना जेवा म्हणायचं.”

“ज्या घरात शिजतंय त्याच घरात त्यांनी जायचं. मग शिजवा म्हणणं म्हणजे माझं ताट वाढा म्हटल्यासारखंच की. ते मागणं झालं. जीव गेला तरी मुनी मागत न्हाईत.”

“मग त्या बायकांचा जीव गेला तर?”

अण्णांनी पोटावरून हात फिरवला. त्यांनीही नेम घेतला होता आणि पहिल्याच सकाळपासून त्यांना त्याचा पस्तावा होत होता, पण बायकोसमोर ते बोलायची सोय नव्हती.

“बाई,” महाराज म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “तुझ्या त्या पेशी... त्यांना उपाशी ठेवलं, तर विषाणू जास्त वाढतो की कमी?”

राजमतीला राग आला. आई तिकडे घरी भिंतीला टेकून बसलेली आणि यांना विषाणूचं कौतुक. पण प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाला उत्तर द्यायची तिची सवय होती.

“कमी. मरगळलेल्या पेशीत त्यालाही काही मिळत नाही. म्हणून विषाणू सोडायच्या आधी आम्ही पेशींना ताजं खाद्य घालतो. त्या धडधाकट लागतात, स्वतःच्या कामात गढलेल्या. पेशीनं स्वतःसाठी जे मांडलेलं असतं, त्यातूनच त्याला...”

महाराजांनी हात वर केला.

“पुरे. हे मी विचारायला नको होतं.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर एखादी चूक झाल्यावर माणसाच्या दिसते तशी खंत होती. मग ते सामायिकाला बसले, आणि ध्यानातल्या मुनीशी कुणी भांडू शकत नाही.

राजमती घरी आली तेव्हा सुलोचनाबाई सोप्यात पोत्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. उद्याचे.

“बोललीस? वाकडं न्हाई न्हवं बोललीस?”

“आम्ही विषाणूबद्दल बोललो.”

“देवा. महाराजांशीसुद्धा तेच?”

राजमती तिच्यासमोर बसली. सूप दोघींच्या मध्ये. काहीतरी खुपत होतं पण सापडत नव्हतं. प्रयोगशाळेत असं झालं की ती सुरुवातीपासून एकेक गोष्ट विचारत जाई.

“आज सकाळी काय केलं होतंस?”

“भात. फुलके. पडवळ, बिनतिखटाचं. दूध आटवलं होतं. महाराजांना या वयात तिखट सोसत न्हाई, समदी गल्ली अळणीच करतीया.”

“कुठाय ते?”

“गाईला घातलं.”

“आणि कालचं?”

“ते पण. आपल्याला नेम हाय.”

“मग आई, केलं होतंस कुणासाठी?”

“कुणासाठी म्हंजे? महाराजांसाठी.”

वाक्य तोंडातून पडलं आणि सुलोचनाबाईंचा हात तांदळात तसाच राहिला.

“काय झालं?”

आईनं खडा उचलला, पाहिला, पुन्हा तांदळातच टाकला.

“आई?”

“त्यांच्यासाठी म्हणून केलेलं मुनी घेत न्हाईत गं,” सुलोचनाबाई हळू म्हणाल्या. “घरातल्यांसाठी जे शिजतंय त्यातलं घेत्यात. सासूबाईंनी लग्नाच्या वर्षीच शिकवलंतं मला. आपल्यापुरतं करायचं, शुद्ध करायचं, आधी त्यांना बोलवायचं, आले तर त्यांचं भाग्य न्हवं, आपलं भाग्य. न्हाई आले तर आपण जेवायचं. आपण जेवायचं...”

त्या थांबल्या.

“आपण जेवायचं बंदच केलं की.”

ज्या प्रश्नासाठी राजमती महाराजांवर चिडली होती, त्याच्या उत्तरात तिनं स्वतःच्याच तोंडानं हेच त्यांना सांगितलं होतं. पेशीनं स्वतःसाठी जे मांडलेलं असतं, त्यातूनच. उपाशी पेशीच्या दारात तो काय करणार? गल्लीतली सगळी घरं पहाटे उठून शिजवत होती आणि एकाही घरात कुणी जेवणारं नव्हतं. पहिल्या दिवशी विधी जुळला नसेल. पण त्यानंतर विधी जुळला असता तरी थांबायला दार राहिलं नव्हतं. आणि हे ज्याला दिसत होतं, त्याला बोलायची मुभा नव्हती.

“मग आता जेव,” ती म्हणाली.

“देवासमोर बोललीया मी.”

“आई, तुझी साखर...”

“शब्द दिला तो दिला.”

“उद्या दुपारपर्यंत काही खाल्लं नाहीस तर मी तुला सांगलीला नेऊन सलाईन लावणार आहे. उचलून नेईन.”

“ने की. तोंडानं घेणार न्हाई.”

हा हट्ट राजमतीच्या चांगल्या ओळखीचा होता. तो तिच्यातही होता. त्या हट्टावर ती शिकली, त्या हट्टावर अकरा वर्षं एका प्रथिनामागे राहिली. आईकडून फोन आला, चटणी पाठवू का, लाडू पाठवू का, तर तिचं उत्तर ठरलेलं. नको, आहे माझ्याकडे. मुलीलासुद्धा ती इथे ठेवून घे म्हणाली नव्हती. आईच एकदा पुण्याला आली, ओढलेला चेहरा पाहिला आणि जाताना नातीला काखेला मारून घेऊन गेली. असू दे माझ्याजवळ, एवढंच बोलली. राजमतीनं हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं.

शेवटचं काय मागितलं होतं आईकडे? तिला आठवेना...

“आई,” ती म्हणाली. “मला भूक लागलीय.”

सुलोचनाबाईंनी वर पाहिलं.

“नेम तू घेतलास. मी नाही घेतला. मी पुण्याहून सकाळी निघाले ती चहावर आहे. मला करून वाढ.”

“काय करू?”

“मुगाची आमटी. तिखटजाळ. नाकातून पाणी आलं पाहिजे अशी. आणि ज्वारीची भाकरी.”

“आणि उद्या?”

“उद्यापण तेच. मी उद्यापण इथेच आहे.”

“उद्या महाराज आले तर? असली आमटी त्यांना...”

“मी माझ्या पोटाबद्दल बोलतेय. त्यांचं ते बघतील.”

सुलोचनाबाई भिंतीला हात लावून उठल्या. राजमती धरायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

“बस खाली. मागितलंस न्हवं? मग आता बस.”

दिवस मावळायच्या आत तिचं जेवण झालं. आई समोर बसून होती. अजून घे म्हणाली, आणि राजमतीनं नको म्हटलं नाही. तीन भाकरी झाल्या. घशात जाळ झाला, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं नव्हे, मनगटानं पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

सकाळी गल्लीत दारोदार माणसं उभी राहिली. धुतलेली वस्त्रं, ओले केस, हातांत कलश. आदगोंडा अण्णांनी कोणताच विधी सुटू नये म्हणून एका हातात नारळ, दुसऱ्या हातात केळ्यांचा फणा आणि कानावर जास्वंद घेतली होती.

“आता डोक्यावर उसाची मोळी तेवढी ठेवायची राहिलीया,” त्यांची बायको म्हणाली.

तेवढ्यात बिरनाळ्यांच्या घरातून मिरचीच्या फोडणीचा ठसका सगळ्या गल्लीत पसरला. अण्णांना जोराचा खोकला आला, फूल खाली पडलं.

“सुलोचनावैनी, कुणाला मारता का काय?”

“लेकीला आमटी करतीया,” आतून आवाज आला.

गल्ली चकित झाली. चौथ्या दिवशी, महाराज निघायच्या वेळेला, तिखटाची फोडणी? कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, पुण्याचं पाहुणं आहे, त्यांना काय त्याचं.

महाराज बस्तीच्या पायऱ्या उतरले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावलेली, डाव्या हातात पिंछी आणि कमंडलू. चाल नेहमीपेक्षा संथ. दारोदार हाका उठल्या. “हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ.” महाराज नजर खाली ठेवून चालत राहिले. एक दार गेलं, दुसरं गेलं. अण्णांचा नारळ आणि केळी मागे पडली.

सुलोचनाबाई दारात आल्या होत्या. नुसता कलश. राजमतीनं मागून त्यांचा दंड धरला होता. आईचा आवाज फुटेना, तेव्हा तिनंच हाक दिली. लहानपणानंतर ते शब्द तिच्या तोंडात आले नव्हते. दोन शब्दांनंतर आईचाही आवाज त्यात मिसळला.

महाराज थांबले.

गल्लीतला सगळा गलका एकदम बंद झाला.

सुलोचनाबाईंनी त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घातली, आत नेलं, पाटावर बसवून पाय धुतले, पूजा केली. “मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध आहे, स्वामी.” महाराज उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. आधी पाणी. राजमतीनं तांब्यातून बारीक धार धरली. ते घोट घोट घेत होते आणि गळ्याचं हाड खाली-वर होत होतं, आणि तिला दुसरं काहीच दिसत नव्हतं. मग आईनं भाकरी आमटीत कुस्करून एकेक घास ओंजळीत ठेवला.

आईचे डोळे भरून आले.

“रडू नकोस,” राजमती कुजबुजली. “इथे कुणाचे अश्रू पडले तर ते घास सोडतील.”

सुलोचनाबाईंनी डोळे ताणून धरले. महाराजांच्या कपाळावर घाम फुटला होता. ते शेवटच्या घासापर्यंत सावकाश जेवले, मग ओंजळ सोडून खाली बसले.

बाहेर बातमी जायला वेळ लागला नाही. घराघरांतून भांड्यांचे आवाज आले. आदगोंडा अण्णा उंबऱ्यात बसून, हातातल्याच फण्यातलं पहिलं केळं सोलत होते.

“अहो, आधी पानावर तरी बसा,” बायको म्हणाली.

“पान तू शोध,” अण्णा म्हणाले. “मी हिथंच आहे.”

सुलोचनाबाईंना राजमतीनं वाढलं. पहिला घास घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

“किती तिखट गं ही. आणि तूही काही बोलली न्हाईस काल. महाराजांचं काय झालं असंल?”

दुपारी राजमती बस्तीत गेली. महाराज ओवरीतच होते. ओठ ओले दिसत होते. तिनं नमस्कार केला आणि बसली.

आज त्यांनी काही विचारलं नाही.

“उद्या निघते,” ती म्हणाली. “पेशी वाट पाहत असतील.”

महाराजांनी मान हलवली.

“तुमचा विधी होता तरी काय... ते विचारत नाही.”

ते हसले.

“एक निरोप आहे आईचा. आमटी फार तिखट झाली का, विचारून ये म्हणाली. उत्तर घेतल्याशिवाय घरी येऊ नको म्हणाली.”

महाराज कितीतरी वेळ नदीकडे पाहत राहिले. पलीकडच्या काठावर कुणी म्हशी धूत होतं.

“आहार झाल्यावर देणाऱ्याचं कौतुक करणं हा आमच्यात दोष आहे, बाई. पुढच्या घासाची तजवीज केल्यासारखं होतं ते.”

“म्हणजे गोड लागलं, तरी सांगायचं नाही?”

“नाही.”

“आणि आभार?”

“तेही नाहीत.”

“मनात असले तरी?”

महाराजांनी पिंछी मांडीवर घेतली.

राजमती उठली. ओवरीच्या पायरीपर्यंत गेली आणि वळली.

“मग मी आईला काय सांगू?”

“तू कुठे मुनी आहेस?” महाराज म्हणाले.